हॅवलॉक की नील? पोहायचं कुठं आणि मासे बघायचे कुठं

अंदमानचं ठरलं की सोलापुरात पहिला प्रश्न सेल्युलर जेलचा नसतो, ते तर बघायचंच असतं, प्रश्न असतो नंतरच्या दिवसांचा. हॅवलॉक बेट करायचं का नील बेट, आणि पोरांना ते मास्क लावून मासे बघायचं स्नॉर्केलिंग कुठल्या बीचवर करवायचं. एजंट सगळे बीच एकाच दमात सांगतो, सगळे "बेस्ट" असतात, आणि तिथं गेल्यावर कळतं की अर्ध्या ठिकाणी तुम्ही पोचलात तेव्हा समुद्रच जागेवर नाही.

एक गोष्ट आधी डोक्यात बसवा, मग निवडणं सोपं जातं. पोहायला चांगला बीच आणि स्नॉर्केलिंगला चांगला बीच हा बहुतेक वेळा एकच नसतो. पोहायला पायाखाली मऊ वाळू पाहिजे. मासे मात्र प्रवाळाच्या आसऱ्याला राहतात, आणि प्रवाळ म्हणजे धारदार खडकच, पाय टेकला की कापतो आणि ती जखम लवकर भरत पण नाही. म्हणजे वाळू छान असेल तिथं बघायला काही नाही आणि बघायला असेल तिथं आजीला, लहान पोराला सोडायचं नाही.

आता हॅवलॉक. सरकारी नाव 2018 पासून स्वराज द्वीप, पण रिक्षावाला, हॉटेलवाला सगळे हॅवलॉकच म्हणतात, आणि गावांना नंबर आहेत, त्यामुळं राधानगर म्हणजे सात नंबर. पोहायला माझ्या मते दोन्ही बेटांत राधानगरच्या जवळपास दुसरं कुणी नाही. लांबच लांब पांढरी बारीक वाळू, उतार हळूहळू, खडक लागत नाहीत, लाइफगार्ड असतात, पोहायची हद्द आखलेली असते, कपडे बदलायला खोल्या, आंघोळीची सोय. 2020 मध्ये भारतातल्या ज्या पहिल्या आठ बीचना ब्लू फ्लॅग, म्हणजे स्वच्छ आणि सुरक्षित बीचचं आंतरराष्ट्रीय मानांकन, मिळाला त्यात हा होता आणि स्वच्छता बघून ते पटतं. पण स्नॉर्केलिंगचा मास्क इथं घेऊन जाऊ नका, तळाला वाळूशिवाय काही दिसत नाही, पोरं नाराज होतात. आणि सूर्यास्त बघायला म्हणून पाचला पोचायचा प्लॅन करत असाल तर तो बदला. घड्याळ आपलंच आहे पण अंदमान सोलापूरच्या पूर्वेला जवळजवळ 17 रेखांश, म्हणजे सूर्य आपल्यापेक्षा तासभर आधी उगवतो आणि मावळतो. डिसेंबरात पाचच्या सुमारास खेळ खल्लास. पोहायचं असेल तर दुपारी तीनलाच पाण्यात पाहिजे.

अंधारात पाण्यात न उतरण्याचं आणखी एक कारण आहे जे ब्रोशरमध्ये कुणी लिहीत नाही. अंदमानात खाऱ्या पाण्यातल्या मगरी आहेत. 2010 साली हॅवलॉकलाच स्नॉर्केलिंग करणारी एक परदेशी पर्यटक मगरीच्या हल्ल्यात गेली. घाबरून ट्रिप कॅन्सल करायचं कारण नाही, असं रोज होत नाही, पण खाडीचं तोंड, खारफुटी, आणि राधानगरच्या टोकाला नील्स कोव्ह म्हणून जी शांत, निळी, बघूनच उडी मारावी वाटणारी जागा आहे, तिथं बोर्ड लावलेत ते वाचायला लावलेत. आपल्याकडं विहिरीवर पाठीला डबा बांधून पोहायला शिकलेले काका असतात ना, "समुद्र काय बे, मी हिप्परग्याच्या तलावात पोहलोय" म्हणणारे, त्यांना हद्दीच्या आत ठेवणं ही ग्रुप लीडरची खरी ड्युटी.

स्नॉर्केलिंगला हॅवलॉकचं उत्तर म्हणजे एलिफंट बीच. पूर्वी इथं लाकूड ओढायला हत्ती असायचे, म्हणून हे नाव. जायला जेटीवरून स्पीडबोट, साधारण वीस-तीस मिनिटं, नाहीतर राधानगरच्या रस्त्यावरून जंगलातली पायवाट. आजीआजोबा असतील तर बोटच घ्या, पायवाटेला चिखल असतो. प्रवाळ किनाऱ्यापासून अगदी जवळ आहे आणि पोहता येत नसलं तरी चालतं हा इथला सगळ्यात मोठा फायदा, लाइफ जॅकेट घालून रिंगला धरायचं, गाइड ओढत नेतो, तुम्ही फक्त तोंड पाण्यात घालून बघायचं, पोपट मासे, पट्ट्यापट्ट्यांचे मासे, नशीब असेल तर समुद्रफुलात लपलेला क्लाउनफिश. तोटे पण सांगतो. गर्दी भयंकर, जेट स्कीचा आवाज, आणि बोटीच्या तिकिटात जे फुकटचं स्नॉर्केलिंग असतं ते इतकं थोडक्यात उरकतात की मास्कमधनं श्वास घ्यायला जमायला लागलं की "चलो बाहर". जास्त वेळाचे पैसे बोटीत बसायच्या आधीच ठरवून घ्या. पहिल्या बोटीनं जा, दहा-अकरानंतर इतकी माणसं पाण्यात असतात की वाळू ढवळून सगळं गढूळ.

बाकीचं हॅवलॉक पटकन. विजयनगर, पाच नंबर, रिसॉर्टच्या दारातलं पाणी फोटोत फार सुंदर दिसतं पण ओहोटीला ते मे महिन्यातल्या उजनी धरणासारखं मागं जातं, मग खडक आणि शेवाळ तुडवत किती चालायचं. काळापत्थर सूर्योदयाला छान, चहा प्या, नारळपाणी प्या, पाण्यात उतरू नका.

आता नील, म्हणजे शहीद द्वीप. बेट एवढं लहान की सायकलवर फिरून होतं, आणि गावांची नावं थेट रामायणातली, भरतपूर, लक्ष्मणपूर, सीतापूर, रामनगर, त्यामुळं आपल्या लोकांना पाठ करायला सोपं. जेटीला उतरलं की चालत भरतपूर. इथं पाणी उथळ आणि कमी लाटांचं, लहान पोरांना डुंबायला राधानगरपेक्षाही निवांत, पण फक्त भरतीला. ओहोटीला गुडघाभर पाण्यात मेलेलं राखाडी प्रवाळ टोचत राहतं. 1998, 2010 आणि 2016 मध्ये समुद्र जास्त तापला तेव्हा अंदमानचं पुष्कळ प्रवाळ पांढरं पडलं, मधे 2004 ची त्सुनामी, त्यामुळं किनाऱ्याजवळ रंगीबेरंगी बाग मिळेल ही अपेक्षा ठेवू नका. जिवंत प्रवाळ थोडं आत आहे, तिथं बोटीनं नेतात. ज्यांना पाण्यात उतरायचंच नाही त्यांच्यासाठी काचेच्या तळाची बोट आहे, आमच्यासारख्या कुटुंबात असा एक मेंबर असतोच. मात्र जिथं बोटी फिरतात तिथं डोकं पाण्यात घालून एकट्यानं पोहायचं नाही, बोटवाल्याला तुम्ही दिसत नाही.

लक्ष्मणपूर एक नंबरला सूर्यास्त, आणि ज्याला खरंच पोहता येतं, स्वतःचा मास्क आहे, सोबत जोडीदार आहे, त्याच्यासाठी भरतीच्या वेळी इथलं स्नॉर्केलिंग मला एलिफंटपेक्षा आवडतं, कारण गर्दी नाही, कुणी घाई करत नाही. नवशिक्यानं इथं उतरू नये, ओढ असते आणि बघायला कुणी नसतं. लक्ष्मणपूर दोन नंबर म्हणजे तो दगडी नैसर्गिक पूल, तिथं पोहणं नाहीच, पण ओहोटीला खडकांतल्या डबक्यांत कोरड्या पायांनी मासे, खेकडे, समुद्रकाकडी बघता येते, म्हणजे बाकीचे बीच ज्या वेळी बेकार असतात नेमकी त्याच वेळी ही जागा कामाची. सीतापूर दिसायला झकास, लाटा जोराच्या, बसून बघायचा बीच.

खरं तर बेटापेक्षा वेळ महत्त्वाची. भरती-ओहोटी दिवसातून दोनदा आणि रोज साधारण 50 मिनिटं पुढं सरकते. अमावस्या-पौर्णिमेच्या आसपास उधाण, तेव्हा ओहोटीला पाणी सगळ्यात लांब जातं आणि प्रवाह पण जोरात, अष्टमीच्या आसपास फरक कमी आणि पाणी त्यामानानं शांत. म्हणजे तिकीट काढताना भिंतीवरच्या कॅलेंडरात तिथी बघून घेतली तर फायदाच, लग्नाला बघतो मग समुद्राला का नको. रोजची नेमकी वेळ हॉटेलात विचारा, मुंबई-कोकणच्या वेळा तिथं लागू होत नाहीत.

महिना निवडायची मुभा असेल तर फेब्रुवारी ते एप्रिल पाणी सगळ्यात नितळ. जानेवारीतली सोलापूरची गड्डा यात्रा उरकून निघालात तरी चालेल. डिसेंबर-जानेवारीत वारा ईशान्येचा, म्हणून पूर्वेकडचे बीच खवळलेले आणि पश्चिमेचं राधानगर शांत, पावसाळ्यात बरोबर उलटं, जूननंतर राधानगरला लाटा इतक्या की लाइफगार्ड कमरेच्या वर जाऊ देत नाहीत. शाळेच्या सुट्टीमुळं मे महिनाच मिळणार असेल तर पहिला आठवडा पकडा.

मग काय करायचं? दोनच रात्री असतील आणि सोबत न पोहणारी माणसं असतील तर नील सोडा आणि हॅवलॉकला राहा, सकाळी एलिफंट, दुसऱ्या दिवशी दुपारी राधानगर. लोक चिडतील पण त्यात नील कोंबलं की अर्धा दिवस फेरीबोटीच्या रांगेत जातो आणि पाण्यात तासभर पण मिळत नाही. चार रात्री असतील तर दोन-दोन करा. जोडपं असेल, पोहता येत असेल, गर्दीचा कंटाळा असेल तर जास्त मुक्काम नीलला, हॅवलॉकला फक्त राधानगरसाठी एक रात्र. फक्त पोरांसाठी जाणार असाल तर अष्टमीच्या आसपास भरतपूर, दुसरा विचार नको.

सामानातलं दोन-तीन गोष्टींचं सांगतो. मिशी असेल तर मास्कमध्ये पाणी शिरतं, वरच्या ओठाला थोडं व्हॅसलीन लावा, थांबतं. चष्म्याच्या नंबरचा मास्क तिथं मिळेलच असं नाही, चौकशी आधी करा. सनस्क्रीनपेक्षा पूर्ण बाह्यांचा स्विमिंगचा टी-शर्ट बरा, पालथं तरंगताना पाठ भाजते हे कुणाच्या लक्षातच येत नाही. फेरीबोटीच्या आधी कडक भाकरी-शेंगाचटणी पोटभर हाणू नका, उलटीची गोळी अर्धा तास आधी घ्या. आणि शंख, शिंपले, प्रवाळाचे तुकडे उचलून आणू नका, प्रवाळ आणि बरेच शंख वन्यजीव कायद्याखाली येतात, एअरपोर्टला स्कॅनरमध्ये दिसलं की बॅग उघडायला लावतात, त्यामुळं निघायच्या दिवशी पोरांचे खिसे तुम्हीच आधी तपासा.