एवायए नंबर २ दुनळी: काही महिने वापरल्यावर, आणि किमतीबद्दल जरा सविस्तर

माझ्या एवायए नंबर २ या स्पॅनिश दुनळी बंदुकीचा डावा इजेक्टर, म्हणजे रिकामं काडतूस बाहेर उडवणारा भाग, रुसला म्हणून हे लिहायला घेतलं. दोन्ही बार काढून बंदूक उघडली की उजवं रिकामं काडतूस खांद्यावरून मागे जायचं आणि डावं जेमतेम दोन बोटं सरकून तिथेच अडायचं. इथे इंग्लंडमध्ये एका दुरुस्तीवाल्याने बंदूक हातात घेऊन, पण न उघडता निकाल दिला: 'स्पॅनिश आहे, स्प्रिंगा गेल्या, जोडी नवी घडवावी लागेल.' त्याने सांगितलेल्या खर्चात साध्या यंत्रणेची बरी बॉक्सलॉक दुनळी आली असती. दुसऱ्या कारागिराने फोरएंडचं, म्हणजे नळ्यांखालच्या पुढच्या मुठीचं, लोखंड लाकडातून सोडवलं, तर आत जुनं तेल सुकून लाखेसारखं घट्ट बसलेलं. पॅराफिनने (रॉकेलने) धुतलं, पातळ तेलाचे दोन थेंब सोडले, आणि दोन्ही टरफलं एका जागी पडायला लागली. स्प्रिंगेला हात लावायची गरजच पडली नाही.

राग त्या 'स्पॅनिश आहे' या दोन शब्दांचा आहे. याच दोन शब्दांवर दुकानात किंमत पाडतात आणि याच दोन शब्दांवर दुरुस्तीचं बिल फुगवतात. खरी माहिती मात्र नळ्यांच्या बुडाशी ठोकलेली असते, आणि ती वाचायचे कष्ट फार थोडे लोक घेतात.

ही बंदूक म्हणजे १२ बोअर (काडतुसाचं माप), २८ इंची नळ्या, दोन चाप, सरळ इंग्लिश धाटणीचा दस्ता. एइबार हे बास्क प्रदेशातलं गाव, एवायए तिथे १९१५ पासून. अगिरे आणि अरांसाबाल या दोघांच्या नावांवरून हे नाव आलं. नंबर १, नंबर २ आणि नंबर ४ ही मॉडेलं ब्रिटिश बाजार डोळ्यांसमोर ठेवून बनली. पहिली दोन लंडनच्या हॉलंड अँड हॉलंड धर्तीची साइडलॉक (बार करणारी यंत्रणा बाजूच्या पत्र्यांवर बसवलेली), तिसरं बॉक्सलॉक (तीच यंत्रणा ॲक्शनच्या, म्हणजे मधल्या लोखंडी अंगाच्या, आत). त्यांचीच ५३ आणि ५६ ही मॉडेलं ओळखायची तर ब्रीचच्या, म्हणजे नळ्यांच्या मागच्या टोकाच्या, दोन्ही बाजूंचे कान पाहा. एक्सएक्सव्ही या मॉडेलची खूण म्हणजे २५ इंची नळ्या आणि दोन नळ्यांच्या मध्ये वर उंच, निमुळती पट्टी.

साइडलॉक खरं की नुसता मुखवटा, हे आधी ठरवा. खऱ्या साइडलॉकच्या पत्र्यावर आतल्या भागांच्या पिनांची डोकी दिसतात. पत्रा कोरा असेल आणि पिना ॲक्शनच्या अंगात असतील, तर ते नटवलेलं बॉक्सलॉक आहे आणि किमतीत मोठा फरक पडतो. नंबर २ ला डाव्या पत्र्यावर हाताने फिरवायची छोटी दांडी असते. ती काही आटे सैल करून डोक्यावर हलकं ठोकलं की उजवं लॉक सुटतं. मग दांडी पूर्ण काढून आतून दाबलं की डावं.

पट्टीवरच्या नावाला फार महत्त्व देऊ नका. एइबारच्या कितीतरी बंदुका ब्रिटिश विक्रेत्यांनी स्वतःचं नाव कोरून विकल्या. उलट एवायएचं नाव असलेली प्रत्येक बंदूक नंबर २ च्या तोलाची नसते. येओमनसारखी साधी मॉडेलंही त्यांचीच.

आता नळ्या काढा, उलट्या धरा आणि भिंग घ्या. एइबारच्या प्रूफ हाउसच्या (नळ्यांची दाबचाचणी घेणाऱ्या संस्थेच्या) खुणांमध्ये वर्षाचं अक्षर असतं. १९२७ ला ए, आणि पुढे स्पॅनिश वर्णमालेप्रमाणे, म्हणजे सी नंतर सीएच, एल नंतर डबल एल, एन नंतर डोक्यावर लाट असलेला एन. झेड १९५४ ला संपतं. १९५५ पासून ए-१ सुरू होतं, आणि या फेरीत सीएच व डबल एल नाहीत, म्हणून झेड-१ येतं १९८० ला आणि ए-२ १९८१ ला. माझ्यावर के-१ आहे, म्हणजे १९६५. बाजारात 'साठच्या दशकातली' म्हणून विकली जाणारी बंदूक वाय-१ निघाली तर ती १९७९ ची आहे, हे सांगून घासाघीस करता येते. १९८० च्या दशकात बरेच बास्क कारखाने दिआर्म नावाखाली एकत्र आणले गेले आणि तो प्रयोग कोसळला; त्या काळाच्या आसपासची बंदूक असेल तर फिटिंग दुप्पट बारकाईने बघा. एवायए नंतर छोट्या कारखान्याच्या रूपात पुन्हा उभी राहिली आणि तिथलं काम उत्तम आहे.

अक्षराशेजारी चेंबरची, म्हणजे काडतूस बसतं त्या जागेची, लांबी असते: ६५ किंवा ७० मिमी. मग बोअर, म्हणजे नळीचा आतला व्यास, उदाहरणार्थ १८.४ मिमी. आणि मग माझ्या मते सगळ्यात मोलाचा आकडा, ज्याबद्दल विक्रेते चकार शब्द काढत नाहीत: नळ्यांचं वजन. माझ्यावर '१ के ३९०' आहे, म्हणजे एक किलो ३९० ग्रॅम. ब्रिटिश बंदुकीवर अशी नोंद नसते. स्पॅनिश बंदुकीवर असते आणि ती फुकटात तपासता येते. एक ग्रॅमपर्यंत दाखवणारा स्वयंपाकघरातला डिजिटल काटा घ्या, नळ्या कोरड्या पुसून ठेवा. आज वजन १३८० भरलं तर चिंता नको, कारण प्रूफनंतरही घासकाम आणि पॉलिश होतं. पण १३३० भरलं तर साठ ग्रॅम पोलाद कुठे गेलं, हे विचारायलाच हवं. ते आतून खड्डे काढताना गेलेलं असतं किंवा बाहेरून पोचे उठवून घासताना. नळ्या आखूड केल्या तरी वजन घटतं. म्हणून लांबी मोजा आणि तोंडाशी पाहा. दोन नळ्यांची तोंडं एकमेकींना टेकलेली हवीत. मध्ये फट असून ती डाखाने भरलेली असेल तर नळ्या कापल्या आहेत आणि चोक, म्हणजे तोंडाशी असलेलं नळीचं आकुंचन, तोही गेला.

चोक ताऱ्यांनी दाखवतात. एक तारा फुल, दोन पाऊण, तीन अर्धा, चार पाव, आणि सीएल म्हणजे सरळ नळी. जितके तारे जास्त तितका चोक कमी, हे लक्षात ठेवा. तारे कारखान्याचे, आजचं माप वेगळं असू शकतं: १२ बोअरमध्ये पाव चोकला साधारण १० थाउ (इंचाचे हजारावे भाग), अर्ध्याला २० आकुंचन मिळायला हवं.

नुसत्या वजनावर मात्र सौदा करू नका. नळीच्या भिंतीची जाडी गेजने मोजून घ्या. २० थाउ, म्हणजे अर्ध्या मिलिमीटरच्या आसपास, ही इथल्या व्यापारात सावधगिरीची रेषा मानली जाते. त्याखाली आली की चांगला विक्रेता बंदूक घ्यायला कचरतो, आणि पुढे तुम्हाला विकतानाही तेच होईल. ब्रीचपासून नऊ इंचांवर बोअर मोजा. ठोकलेल्या आकड्यापेक्षा ०.२ मिमीहून जास्त वाढलेला असेल तर बंदूक प्रूफबाहेर गेली आणि इथे ती तशी विकणं गुन्हा आहे.

चेंबरपुढे नळीभोवती गोल रेषा दिसली तर थांबा. स्वस्त स्पॅनिश बंदुकीत ती मोनोब्लॉकची (नळ्या मागच्या एका ठोकळ्यात बसवलेल्या), म्हणजे मूळचीच. पण नंबर २ च्या नळ्या चॉपर लंप, प्रत्येक नळी अर्ध्या लंपासकट (खालच्या बिजागराच्या खुंट्यासकट) एकाच तुकड्यातून घडवलेली. जोड लंपाच्या मधोमध उभा दिसतो. तिच्यावर गोल रेषा म्हणजे स्लीव्ह केलेली बंदूक, जुन्या नळ्या कापून पुढे नव्या बसवलेली. वापरायला ठीक, पण मूळ नळ्यांच्या निम्म्या भावाच्या वर जाऊ नका.

सुरुवातीला माझं मत होतं की निम्म्याहून कमी पैशांत नंबर ४ मिळते तर साइडलॉकचा सोस कशाला. आता बदललं आहे. एक तर भिजून आल्यावर पाच मिनिटांत लॉकं हातात येतात, वाळवून तेल लावता येतं; बॉक्सलॉकला हे काम कारागिराकडे. दुसरं, टंबलरमागे (आतल्या घोड्यामागे) थांबलेला दुसरा सीअर, म्हणजे घोडा अडवणारी खिट्टी: दणका बसून पहिला निसटला तरी बार होत नाही. तिसरं, पुढचा चाप बिजागरीचा आहे, मागचा ओढताना बोटाच्या मागच्या बाजूला लागत नाही. काटकसर हेच एकमेव ध्येय असेल तर नंबर ४ आजही बिनधास्त घ्या.

मात्र 'स्पॅनिश पोलाद मऊ' ही ओरड सगळीच खोटी नाही. जुन्या स्वस्त बंदुकांचे बिजागर लवकर घासायचे. परीक्षा सोपी आहे: फोरएंड काढा, बंदूक बंद करा, उजेडाकडे धरून ब्रीचमध्ये फट दिसते का पाहा, मग नळ्या हलवून बघा. टॉप लिव्हर (बंदूक उघडायची वरची कळ) मध्यरेषेच्या उजवीकडे थांबला तर झिजायला जागा शिल्लक आहे. डावीकडे गेला तर जागा संपली. स्क्रूंच्या खाचाही बघा. नंबर २ च्या खाचा बारीक असतात, घरगुती स्क्रूड्रायव्हर फिरला की कडा फाटतात. फाटलेल्या खाचा दिसल्या की आतही कोणी अडाण्याने हात घातला आहे असं समजून किंमत खाली आणा. दस्ता लॉकच्या पत्र्यांमागे काळा पडला असेल तर तेल मुरलंय. तिथली बारीक चीरही अंगठ्याने दाबून शोधा.

सुटे भाग मात्र खरंच त्रासदायक आहेत. एवायएची स्प्रिंग मागवली तरी ती कानशीने बसवावी लागते, प्रत्येक बंदुकीला वेगळी. म्हणून बंदूक विकत घेण्याआधीच इजेक्टर तपासा: दोन रिकामी काडतुसं घाला, दोन्ही चाप ओढा, झटक्यात उघडा. एकत्र उडायला हवीत. उडाली नाहीत तर आधी फोरएंड धुवा, मगच स्प्रिंगेच्या नावाने पैसे मोजा.

काडतुसं २८ ग्रॅम छऱ्यांची, फायबर वाडची (छऱ्यांमागचं बूच). पाणपक्ष्यांसाठी इंग्लंडमध्ये शिशाच्या छऱ्यांना १९९९ पासून बंदी आहे. तिथे मी बिस्मथ धातूचे छरे वापरतो, महाग असलं तरी. फुल चोकच्या जुन्या नळीतून स्टीलचे छरे घालणार नाही.

मागितलेली किंमत २,२०० पौंड होती. वजन, जाडी, फट सगळं जमलं. दस्त्याच्या टोकाला जोडलेला तुकडा आणि एक फाटलेली खाच दाखवून १,८५० वर आली. लिलावात हीच बंदूक कमी बोलीला गेली असती, पण वर खरेदीदाराचं कमिशन, त्यावर व्हॅट, आणि गेज लावायला वेळ नाही. पुन्हा घ्यायची झाली तर दुकानातूनच घेईन, आणि काटा पिशवीत ठेवून जाईन.