साठपट झूम घेतला, कामाला आला एक सेंटिमीटर: ब्रिज कॅमेऱ्याचे चौदा महिने

"पक्ष्यांचे फोटो काढायचेत, पण लाखभर रुपये घालायचे नाहीत, कोणता कॅमेरा घेऊ?" हा प्रश्न मीही चार जणांना विचारला होता आणि चार उत्तरं मिळाली होती. शेवटी ६०एक्स (साठपट) झूमचा एक ब्रिज कॅमेरा, म्हणजे लेन्स कायमची जोडलेला, भरपूर झूमचा कॅमेरा, सेकंड-हँड, १४ हजारांना घेतला. कंपनीचं नाव मुद्दाम लिहीत नाही. पुढे बऱ्याच तक्रारी आहेत आणि या वर्गातले कॅमेरे आतून एकमेकांची भावंडंच असतात.

मी साताऱ्याची. नोकरी आणि स्वयंपाक यांतून उरलेल्या वेळातला छंद. म्हणजे सकाळी अजिंक्यताऱ्यावर फिरायला जाताना कॅमेरा गळ्यात, सुट्टीच्या दिवशी एखादा तलाव, आणि सप्टेंबरात कास.

पहिल्या रात्री सगळे करतात तेच आम्ही केलं. मुलगा म्हणाला, "आई, चंद्र काढ." ऑटोवर चंद्र म्हणजे पांढरी भाकरी. मग मॅन्युअलवर आयएसओ (प्रकाशाची संवेदनशीलता) १०० आणि शटर १/२०० सेकंद केलं, आणि विवरं दिसली. घरात टाळ्या! तेव्हा वाटलं, आता काय, सगळं जंगल आपलं. चंद्र हलत नाही, उन्हात उभा असतो आणि त्याच्यासमोर गवताची काडी येत नाही, हे दुसऱ्या दिवशी कळलं.

खोक्यावर २४ ते १४४० मिमी लिहिलंय. ते फुल-फ्रेमच्या, म्हणजे जुन्या ३५ मिमी फिल्मच्या चौकटीएवढ्या सेन्सरच्या (प्रकाश टिपणाऱ्या तुकड्याच्या) हिशोबात. लेन्सचा खरा आकडा ४.३ ते २५८ मिमी आहे. एवढ्याशा लेन्समध्ये एवढा झूम बसतो, कारण सेन्सर साधारण ६.२ बाय ४.६ मिमीचा, म्हणजे तुरीच्या डाळीएवढा. साध्या डीएसएलआरमधल्या एपीएस-सी सेन्सरचं क्षेत्रफळ याच्या जवळपास तेरा पट असतं. चांगलं-वाईट सगळं इथूनच सुरू होतं.

वाईट आधी सांगते. झूम न करता लेन्स एफ/३.३ वर उघडते, पूर्ण झूमला एफ/६.५ (एफचा आकडा मोठा, तितकं लेन्सचं छिद्र लहान). म्हणजे आत येणारा प्रकाश जवळपास चौपट कमी. किल्ल्यावर सकाळी साडेसहाला, पक्षी सगळ्यात बोलके असताना, कॅमेरा आयएसओ ८००-१६०० मागतो आणि गप्पीदासाच्या काळ्या पिसांत रवा सांडल्यासारखं दिसतं. माझी मर्यादा आयएसओ ४००. त्यापुढचे फोटो ओळख पटवण्यापुरते. हा कॅमेरा रॉ फाइल (सेन्सरने टिपलेली कच्ची माहिती) देत नाही, त्यामुळे घरी येऊन दुरुस्तीलाही फारसा वाव नाही. बगळ्याचं पांढरं एकदा जळलं की जळलं. म्हणून पांढऱ्या पक्ष्याला एक्स्पोजर -०.७, म्हणजे फोटो किंचित गडद, आधीच करून ठेवते.

आणखी एक चूक मी तीन महिने करत होते. जास्त शार्प येईल म्हणून एफ/८ लावायची. मोठ्या कॅमेऱ्यात ते चालतं. इथे सेन्सरवरचे पिक्सेल इतके बारीक आहेत की छिद्र लहान केलं की प्रकाश कडांवर पसरतो आणि फोटो उलट मऊ पडतो. आता ॲपर्चर नेहमी असेल तेवढं उघडं.

आणि १४४०? बारा वाजता तलावापलीकडच्या चित्रबलाकाचा पूर्ण झूमने फोटो काढा, गरम हवेच्या लाटांमध्ये तो विरघळताना दिसेल. हा दोष कॅमेऱ्याचा नाही, कितीही महागडी लेन्स लावली तरी मधली हवा तीच. माझे ठेवण्यासारखे बहुतेक फोटो ५०० ते ८०० च्या दरम्यानचे आहेत. डिजिटल झूम (तो नुसतं चित्र ताणतो) तर पहिल्याच दिवशी बंद करून टाका.

उडणारा पक्षी विसरा. घार जमते, ती बिचारी गोल गोल फिरून चार संधी देते. पाकोळी नाही. फोकस मागेपुढे हुडकत बसतो, व्ह्यूफाइंडरमधलं चित्र किंचित उशिरा येतं, आणि सात फोटोंचा बर्स्ट मारला की कार्डावर लिहिता लिहिता कॅमेरा आठ-दहा सेकंद गप्प. नेमक्या त्याच सेकंदांत शिक्र्याने माझ्यासमोर सरडा उचलला. मी नुसती बघत उभी राहिले. छान दिसला, एवढंच.

एक बटण मात्र सोन्याचं आहे. दाबलं की झूम मागे येतो, पक्षी शोधायचा, सोडलं की परत जागेवर. पूर्ण झूमला फांदीवरचा पक्षी हुडकताना याशिवाय नुसती पानंच दिसतात. दुसरी युक्ती घरची: जुन्या पॅंटच्या पायात किलोभर तांदूळ शिवून केलेली उशी. तटबंदीवर ठेवून त्यावर लेन्स टेकवली की १/१२५ लासुद्धा फोटो हलत नाही. ट्रायपॉड घेतला होता, तो माळ्यावर आहे.

आता ज्यासाठी हे लिहायला बसले ते. सप्टेंबरात कासला गेले होते. ढग खाली उतरलेले, पक्षी एकही नाही, झूमचा काही उपयोग नाही. कंटाळून मॅक्रो मोड (अगदी जवळून फोटो काढायचा) लावला आणि पायवाटेच्या कडेला उकिडवी बसले. झूम पूर्ण मागे असताना हा कॅमेरा एक सेंटिमीटरवरून फोकस करतो. समोर सीतेची आसवं होती. हे नाजूक जांभळं फूल मांसाहारी वनस्पतीचं आहे. त्याचे सापळे खाली ओल्या मातीत असतात, बारीक फुग्यांसारखे. शेजारी दवबिंदू नावाच्या दुसऱ्या मांसाहारी वनस्पतीच्या लालसर केसांवर एक चिलट चिकटलेलं. तुरीच्या डाळीएवढ्या सेन्सरची गंमत इथे आहे: खरी फोकल लेंग्थ ४.३ मिमी, त्यामुळे फुलाच्या पुढच्या पाकळीपासून मागच्या देठापर्यंत सगळं स्पष्ट, आणि मागे धूसर का होईना, पठार आणि ढगही. मोठ्या कॅमेऱ्यावर मॅक्रो करणारा मित्र तेवढ्या जवळून एक पाकळी फोकसमध्ये आणायला धडपडत होता. इतक्या जवळ गेलं की लेन्सची सावली फुलावर पडते. त्यावर उपाय, वहीचा पांढरा कागद बाजूला धरायचा. मात्र फोटोसाठी पठारावर वाट सोडून आत शिरू नका. पायाखाली काय जातंय ते आपल्याला दिसतसुद्धा नाही.

तेव्हापासून झूमपेक्षा मॅक्रोच जास्त वापरते. कढीपत्त्यावरच्या सुरवंटाचे आठवडाभराचे फोटो आहेत माझ्याकडे.

बॅटरी थंडीत अडीचशे फोटोंत संपते, दुसरी घ्याच. पावसापासून संरक्षण शून्य. पिशवीत सिलिका जेलच्या पुड्या ठेवते, तरी एसी गाडीतून कासच्या धुक्यात उतरल्यावर लेन्सवर वाफ धरली ती वीस मिनिटं गेली नाही. आणि झूम आत-बाहेर करताना लेन्स हवेबरोबर धूळही ओढते. ती सेन्सरवर बसली तर घरी काढता येत नाही, कारण लेन्स वेगळी होत नाही. दुरुस्तीवाल्याने साफ करायचे साडेतीन हजार सांगितले. चौदा हजारांच्या कॅमेऱ्याला! नाही दिले. त्यामुळे हल्ली माझ्या प्रत्येक घारीच्या डावीकडे, आकाशात, एक राखी ठिपका असतो. मुलगा म्हणतो, ती दुसरी घार आहे, अजून लांब आहे.