माशीच्या बाटलीवर चिन्ह की क्रमांक?

वरूडकडे सडक्या संत्र्यावर फळमाश्या हव्या तेवढ्या. घोळ होतो तो आमच्या कॉलेजात आनुवंशिकीच्या प्रयोगांसाठी माश्या पाळलेल्या बाटल्यांवरच्या नावांचा.

चिन्ह, म्हणजे जनुकाचं इंग्रजी अक्षरांतलं छोटं नाव, वाचलं की माशी डोळ्यांपुढे येते. ‘डब्ल्यू’ म्हणजे पांढऱ्या डोळ्यांचं जनुक. त्याच्या डोक्यावर 1 चढवला की आनुवंशिकीतज्ज्ञ मॉर्गनला 1910 मध्ये सापडलेला प्रकार, 1118 चढवला की दुसराच. पण एका अक्षराच्या आकारानं सारं बिघडतं. छोटा ‘बी’ म्हणजे काळं अंग, दुसऱ्या गुणसूत्रावर. मोठा ‘बी’ म्हणजे बार, म्हणजे अरुंद डोळे, आणि तो एक्स गुणसूत्रावर! घाईत लिहिलेल्या अशाच एका चिठ्ठीपायी आमच्या पोरींचा अख्खा संकर वाया गेला. तीन आठवड्यांची मेहनत होती ती, अजून जिवाला लागते.

फ्लायबेस हा फळमाशीच्या जनुकांचा ऑनलाइन माहितीसाठा. त्यातला क्रमांक रुक्ष, पण पक्का. पिंपळगावं तालुक्यातालुक्यांत सापडतात, प्रत्येकाचा जनगणना कोड मात्र वेगळा, तसंच हे. जनुकाला एफबीजीएन, त्याच्या प्रकाराला एफबीएएल. पांढऱ्या डोळ्यांच्या जनुकाचा एफबीजीएन0003996. जुनी नावंही त्याच नोंदीखाली समानार्थी म्हणून मिळतात. तोंडपाठ मात्र होत नाही.

म्हणून बाटलीवर चिन्हच, ठळक अक्षरात. वहीत आणि प्रबंधात पहिल्या उल्लेखाला क्रमांक हवाच.