पाच बोटांचे मोजे: वारीच्या सरावात वापरून बघितले

यंदा आळंदीपासून पंढरपूरपर्यंत पूर्ण चालायचं ठरवलंय. म्हणून पहाटे हडपसरहून वडकीपर्यंत आणि जमेल तेव्हा दिवे घाट चढून उतरायचा, असा सराव चाललाय. दम टिकतो, गुडघेही गप्प असतात. बोंब आहे ती पावलांची. उजव्या करंगळीचं आणि शेजारच्या बोटाचं अजिबात पटत नाही. घासून घासून मध्ये फोड येतो आणि सराव बंद पडतो. फोडातून सुईने दोरा ओवून ठेव, असं आमच्या आत्याबाई सांगतात. मला त्याची धास्ती वाटते, जखम चिघळली तर वारीच हुकायची.

दिंडीतल्या एका ताईंच्या सांगण्यावरून हे मोजे मागवले. नायलॉन मिसळलेलं कापड, साडेतीनशेला जोडी. बघून लेक म्हणाली, "आई, माकडाचे पाय!" घालायला खरंच वेळ लागतो. करंगळीला तिचं घर सापडेपर्यंत बाहेर उजाडतं.

पण फोड थांबले. सुती मोजा घामाने ओला राहतो, कातडी मऊ पडते आणि बोटं एकमेकांवर घासतात. इथे प्रत्येक बोटाला स्वतंत्र कापड, आणि ते वाळतंही लवकर. फक्त बूट ऐसपैस हवेत. चालून चालून पाय सुजतात, त्यात बोटांमध्ये हे कापड. अरुंद बुटात करंगळी जास्तच चेंगरते. घाट उतरताना तर बोटं पुढे आपटतात, तेव्हा नखं कापलेली असलेली बरी.

पाकिटावर "थकवा घालवतात, रक्ताभिसरण सुधारतात" असलं काय काय छापलंय, तिकडे लक्ष देऊ नका. सकाळी पलंगावरून उतरताना टाचेत जी कळ येते, तिच्यावर यांचा काडीचा उपयोग नाही. त्यासाठी पोटऱ्या ताणायचा व्यायाम करतेय, तो वेगळा.

अंगठ्याच्या चपलेत हे मोजे छान बसतात, हा मला सगळ्यात मोठा फायदा वाटला, कारण वारीत बूट किती दिवस घालता येतील कोण जाणे. पुणे ते सासवड हा सगळ्यात लांबचा टप्पा, तीस किलोमीटरच्या वर, त्यात दिवे घाट आणि बहुतेकदा एकादशीचा उपवास. त्या दिवशी हेच घालणार. चपला तुटल्या तर वाटेत फुकट शिवून देणारे चर्मकार बांधव भेटतात, पाय चोळून देणारेही भेटतात. बोटांमधल्या फोडाला मात्र कोणी काही करू शकत नाही.

पावसाचं तेवढं बघावं लागेल. चिखलातली बारीक खडी बोटांच्या खाचेत शिरली की मोजा काढून झटकल्याशिवाय गत्यंतर नाही. दोन जोड्या लागतीलच, आणि त्या गडद रंगाच्या घ्या. शिवण टोचत असेल तर मोजे उलटे करून घाला, मी तसेच घालते.