सिदे की पाफोस: भूमध्य समुद्राकाठच्या दोन गावांचा तुलनात्मक आढावा

भूमध्य समुद्राच्या काठी आठवडाभर राहावे, मुलांना पाण्यात मनसोक्त डुंबू द्यावे आणि त्याच मुक्कामात ग्रीक-रोमन काळातील अवशेषही निवांतपणे पाहावेत, असा बेत असेल तर तुर्कस्तानच्या दक्षिण किनाऱ्यावरील सिदे आणि सायप्रसच्या नैर्ऋत्य कोपऱ्यातील पाफोस ही दोन गावे शेजारी शेजारी ठेवून पाहण्यासारखी आहेत. दोन्हीकडे समुद्र निळा आहे, दोन्हीकडे अवशेष अस्सल आहेत आणि दोन्हीकडे हॉटेलांची रेलचेल आहे. निवड करताना माझ्या मते एकच प्रश्न आधी सोडवावा, तो म्हणजे समुद्रस्नानाची वाळू आणि पाहायचे दगड यांच्यात तुम्हाला किती अंतर चालेल. बाकीचे बहुतेक मुद्दे या प्रश्नाच्या उत्तरामागोमाग आपोआप सुटतात.

सिदे हे अंताल्या विमानतळापासून सुमारे 65 किलोमीटर पूर्वेला, समुद्रात शिरलेल्या एका लहानशा भूशिरावर वसलेले आहे. इ. स. पू. सातव्या शतकात ग्रीक वसाहतकरी येथे आले, इ. स. पू. 333 मध्ये शहर अलेक्झांडरच्या ताब्यात गेले आणि पुढे समुद्री चाच्यांनी पकडून आणलेल्या माणसांच्या खरेदी-विक्रीमुळे येथील बंदराला पैसा आणि कुप्रसिद्धी या दोन्ही गोष्टी मिळाल्या. रोमन काळातील भरभराटीनंतर मध्ययुगात शहर ओस पडले. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस क्रीट बेटावरून आलेल्या मुस्लिम निर्वासितांनी याच पडक्या शहरात घरे बांधली आणि त्यामुळे आजच्या गावाची आणि प्राचीन शहराची जागा एकच झाली. 1947 पासून तुर्की पुरातत्त्वज्ञ अरिफ मुफिद मानसेल यांच्या नेतृत्वाखाली येथे पद्धतशीर उत्खनन झाले, परंतु गाव काही हटले नाही. याचा परिणाम असा की प्रवाशाला अवशेष ‘पाहायला जावे’ लागत नाही. हॉटेलकडून बंदराकडे चालत जाताना स्तंभांची रांग, नगरद्वार आणि नाट्यगृह वाटेतच लागतात, आणि जुन्या गावात काही ठिकाणी पायाखालच्या काचेतून खालच्या भिंतीही दिसतात.

येथील नाट्यगृह इसवी सनाच्या दुसऱ्या शतकातील असून त्यात सुमारे पंधरा हजार प्रेक्षक बसत असावेत, असा अंदाज आहे. ग्रीक पद्धतीची नाट्यगृहे डोंगराच्या उतारात कोरली जात असत. सिदेची जमीन सपाट असल्यामुळे येथे आधी दगडी कमानींचा आधार उभा करून त्यावर पायऱ्या चढवाव्या लागल्या. वरच्या पायरीवर बसले की एका बाजूला रंगमंच आणि दुसऱ्या बाजूला समुद्र एकाच नजरेत येतो. भूशिराच्या टोकाला अपोलोच्या मंदिराचे पाच स्तंभ पुन्हा उभे केलेले आहेत. तेथे जाण्यासाठी तिकीट नाही आणि त्यामुळेच सूर्यास्ताच्या वेळी तेथे छायाचित्रे काढणाऱ्यांची इतकी झुंबड उडते की स्तंभांपेक्षा माणसेच अधिक दिसतात. शांतपणे पाहायचे असेल तर सकाळी न्याहारीपूर्वी जावे. वस्तुसंग्रहालय एका रोमन स्नानगृहात मांडलेले आहे, ही कल्पना मला त्यातील पुतळ्यांइतकीच आवडते.

सिदेचा दोषही त्याच्या सोयीतच आहे. जुन्या गावातील गल्ल्या चामड्याची जाकिटे, घड्याळे आणि नामांकित कंपन्यांच्या नकली वस्तू विकणाऱ्या दुकानांनी भरलेल्या आहेत आणि उपाहारगृहांबाहेर उभी असलेली माणसे आग्रहाने आत बोलावतात. पश्चिमेला कुमकोय आणि पूर्वेला सोरगुन या भागांत राहणे, खाणे, पेये असे सारे एकाच दरात देणारी प्रचंड हॉटेले आहेत. लहान मुले आणि आजी-आजोबा सोबत असतील तर ही व्यवस्था फार सुखाची आहे, कारण वाळू रुंद व मऊ आहे आणि पाणी बऱ्याच अंतरापर्यंत उथळ आहे. मात्र असेही घडते की आठवडाभर हॉटेलच्या आवारातच राहून माणसे परततात आणि तीन-चार किलोमीटरवरचे नाट्यगृह पाहायचे राहून जाते.

पाफोसची गोष्ट निराळी आहे. येथील पुरातत्त्व उद्यान बंदराला लागून आहे खरे, पण ते कुंपणाच्या आत आहे, त्याला तिकीट आहे आणि ते नीट पाहायचे तर किमान तीन तास हातात हवेत. 1962 मध्ये शेत नांगरताना येथे योगायोगाने फरसबंदीवरील चित्रे सापडली आणि त्यातून ‘डायोनिससचे घर’ म्हणून ओळखला जाणारा रोमन काळातील श्रीमंती वाडा उजेडात आला. साडेपाचशे चौरस मीटरांहून अधिक जमीन रंगीत दगडांच्या बारीक तुकड्यांनी चितारलेली आहे. त्यातील एका पट्टीत मद्यदेव डायोनिसस भारत जिंकून रथातून परततो आहे आणि त्याच्यासोबत सावळ्या वर्णाचे बंदिवान आहेत. रोमन कल्पनेतील ‘भारतीय’ कसा होता, हे आपल्यासारख्या प्रेक्षकाने तेथे थोडा वेळ थांबून पाहावे. दुसऱ्या एका चौकटीत मद्य प्रथमच प्यायलेली माणसे लोळताना दाखवली आहेत आणि ते मद्य पिणारे पहिलेच लोक असल्याची ओळ ग्रीकमध्ये चित्रातच लिहिलेली आहे. सिदेमध्ये इतक्या बारकाईने पाहण्याजोगे, कथा सांगणारे असे काही जागेवर उरलेले नाही.

उद्यानापासून दोनेक किलोमीटरवर ‘राजांची थडगी’ आहेत. नाव भव्य असले तरी तेथे कोणी राजा पुरलेला नाही. इजिप्तवर राज्य करणाऱ्या टॉलेमी घराण्याच्या काळातील उच्चपदस्थांसाठी कातळ खोदून, मध्ये स्तंभांनी वेढलेले चौक ठेवून ही भूमिगत घरे तयार केलेली आहेत. सुमारे 15 किलोमीटरवर कुक्लिया येथे अफ्रोदितीचे प्राचीन देवस्थान आहे. सौंदर्याच्या या देवतेची येथे मूर्ती नव्हती, तर एका काळसर शंकूसारख्या शिळेची पूजा होत असे आणि ती शिळा तेथील संग्रहालयात ठेवलेली आहे. गावोगावी शेंदूर लावलेला तांदळा पाहिलेल्या मराठी माणसाला ही पूजा समजावून सांगावी लागणार नाही, जरी त्या काळच्या रोमन लेखकांना ती चमत्कारिक वाटली होती. पाफोस आणि कुक्लिया ही स्थळे 1980 मध्ये जागतिक वारसा यादीत आली. सिदे त्या यादीत नाही.

पाफोस उणे पडते ते किनाऱ्याच्या बाबतीत. गावातील किनारा बराचसा खडकाळ आहे आणि चांगल्या वाळूसाठी बहुतेक लोक दहा-बारा किलोमीटर उत्तरेला असलेल्या कोरल बे येथे जातात. बंदरापासून 615 क्रमांकाची बस राजांच्या थडग्यांवरून तेथपर्यंत जाते, त्यामुळे अडचण नाही, परंतु ओले टॉवेल, पिशव्या आणि कंटाळलेली मुले सांभाळत रोज बसची वाट पाहणे सर्वांनाच मानवत नाही. गाडी भाड्याने घेणाऱ्यांसाठी एक मोठी सोय अशी की ब्रिटिश राजवटीच्या वारशामुळे सायप्रसमध्ये वाहने आपल्यासारखीच डाव्या बाजूने चालतात. सिदेला गाडीची गरजही नाही: जुने गाव पायी फिरण्याचे आहे आणि जवळच्या मानवगात शहराकडे जाणाऱ्या दोलमुश नावाच्या लहान बसगाड्या सतत मिळतात. सिदेजवळच्या आस्पेंदोस या प्राचीन शहराचे नाट्यगृह मात्र अर्ध्या दिवसाची सहल ठरवून पाहावेच, कारण जतनाच्या दृष्टीने ते सिदेच्या नाट्यगृहाहून कितीतरी सरस आहे.

शाकाहाऱ्यांची दोन्हीकडे उपासमार होत नाही. सिदेला मसुराचे सूप, पालक किंवा चीज भरलेली गोझलेमे नावाची पोळी आणि वांग्याचे अनेक प्रकार मिळतात. सायप्रसमध्ये भाजलेले हलूमी चीज, चवळी आणि कोलोकासी म्हणजे चक्क आपल्या अळकुड्या आहेत. पण अळकुड्यांची भाजी अनेकदा डुकराच्या मांसासोबत शिजवली जाते, म्हणून मागवण्याआधी विचारून घ्यावे.

हंगामाचा विचार मराठी कुटुंबाला शाळेच्या सुट्टीवरून करावा लागतो. एप्रिलमध्ये दोन्हीकडे हवा सुंदर असते, पण पाणी बरेच थंड असते. मे महिन्याच्या उत्तरार्धापासून पोहणे सुखाचे होते. जुलै-ऑगस्टमध्ये सावली नसलेल्या अवशेषांत दुपारी फिरणे ज्येष्ठांनी टाळावेच. दिवाळी ऑक्टोबरात आली तर तो काळ दोन्हीकडे उत्तम असतो. हिवाळ्यात सिदेची अनेक हॉटेले बंद असतात, तर पाफोस वर्षभर चालू राहते.

व्हिसाच्या बाबतीत, ज्यांच्याकडे अमेरिका, ब्रिटन किंवा शेंगेन गटाचा वैध व्हिसा आहे त्यांना तुर्कस्तानचा ई-व्हिसा घरबसल्या मिळू शकतो, आणि मुंबईहून इस्तंबूलला थेट विमाने असल्यामुळे प्रवासही सरळ होतो. अनेक वेळा प्रवेश देणारा शेंगेन व्हिसा नसेल तर सायप्रससाठी स्वतंत्र व्हिसा घ्यावा लागत आला आहे आणि आखाती शहरांतून विमान बदलून तेथील लार्नाका विमानतळावर उतरले, तर पुढे पाफोसपर्यंत सुमारे 130 किलोमीटर महामार्ग उरतो. मे 2025 मध्ये ऑपरेशन सिंदूरनंतर तुर्कस्तानने पाकिस्तानची बाजू घेतल्यावर पुण्याच्या व्यापाऱ्यांनी तुर्की सफरचंदे घेणे थांबवले आणि अनेकांनी तेथील सहलीही रद्द केल्या. ज्यांच्या मनात तो सल अजून आहे, त्यांच्यासाठी ही तुलना येथेच संपते आणि पाफोस त्यांना निराश करणार नाही.

ज्यांना तसा आक्षेप नाही, त्यांच्यापैकी सात वर्षांखालील मुले सोबत असणाऱ्यांनी मी सिदेच निवडावे असे म्हणेन, आणि हॉटेल जुन्या गावापासून चालत जाण्याच्या अंतरावर घ्यावे, मग ते थोडे लहान व जुने असले तरी चालेल. केवळ दोघेच जात असाल, संग्रहालयात पाट्या वाचत रेंगाळण्याची सवय असेल आणि पोहणे हे दिवसाचे मुख्य काम नसेल, तर पाफोसला पाच रात्री ठेवाव्यात आणि त्यातला एक पूर्ण दिवस कुक्लियाला द्यावा.