कॉन्ट्रा डान्सचा नवशिक्यांचा वर्ग: अर्धा तास सत्कारणी

अमेरिकेच्या ईशान्येकडल्या न्यू इंग्लंडमध्ये कॉन्ट्रा डान्सच्या, म्हणजे लांब रांगांत जोड्यांनी करायच्या लोकनृत्याच्या, संध्याकाळी बऱ्याच ठिकाणी आधी अर्धा तास नवशिक्यांचा वर्ग असतो. जरूर जावं. मात्र त्याचा दर्जा सगळा कॉलरवर, म्हणजे माइकवरून आकृत्या (नाचातल्या ठरलेल्या हालचाली) सांगणाऱ्यावर अवलंबून.

चांगला कॉलर बोलतो कमी, चालवून जास्त घेतो. निम्मा वेळ स्विंगला, म्हणजे जोडीने जागच्या जागी गोल फिरण्याला, दिला तरी चालेल: दोघांचे उजवे पाय शेजारी, डाव्या पायाने स्कूटरसारखं ढकलायचं, हातांत हलका ताण. फुगडी घातलेल्यांना हा ताण लगेच कळतो. भिंतींकडे पाहिलं की गरगरतं. नजर जोडीदाराच्या चेहऱ्यावर हवी. जोडीतल्या दोन भूमिकांची नावं लार्क आणि रॉबिन; स्विंग संपताना लार्क डावीकडे, रॉबिन उजवीकडे. नवशिक्यांचा बहुतेक गोंधळ इथेच होतो, कारण बाजू उलटल्या की पुढची आकृतीच कोलमडते.

धून 32 बारची, म्हणजे 64 ठोके. तेवढ्यात एक फेरी संपून जोडी पुढच्या जोडीला भिडते. म्हणून सूचना आधीच्या आकृतीच्या शेवटच्या दोन-चार ठोक्यांवर यायला हवी. ठोका पडल्यावर सांगणाऱ्या कॉलरची रांग कायम मागे! रांगेच्या टोकाला पोचलेल्या जोडीने एक फेरी थांबून आपसात जागा बदलायच्या, हे न सांगणारा वर्ग अर्धवटच.

लग्नाला किंवा शाळेत कॉलर बोलावत असाल, तर 'हे' (hey, एकमेकांना ओलांडत नागमोडी चालणं) आणि 'चेन' (दोन रॉबिननी हात धरून पलीकडे जाणं) या आकृत्या वगळायला सांगा. गोलातले नाच आणि व्हर्जिनिया रील हा रांगेतला सोपा नाच पुरेसे. सपाट, मऊ तळव्याचे बूट आणि पाण्याची बाटली न्या.