अंगठ्याखालची ती मेली चकती

आठ महिन्यांपूर्वी हा मिररलेस कॅमेरा घेतला. एपीएस-सी सेन्सर, २४ मेगापिक्सेल, सोबत १६-५० ची किट लेन्स. बाकीचे तपशील तुम्हाला पाठ असतील, ते उगाळत बसत नाही. मला बोलायचंय ते उजव्या कोपऱ्यातल्या, बरोबर अंगठ्याखाली येणाऱ्या एक्स्पोजर कॉम्पेन्सेशनच्या, म्हणजे कॅमेऱ्याने ठरवलेल्यापेक्षा फोटो उजळ किंवा गडद करणाऱ्या चकतीबद्दल. तिला लॉक नाही! असली चकती नकोच, असं माझं म्हणणं.

तिसऱ्या महिन्यात भाचीच्या वाढदिवसाला दोनशेच्या वर फोटो काढले. घरी येऊन लॅपटॉपवर उघडले तर सगळीकडे तिन्हीसांजा झालेल्या. मेणबत्त्या तेवढ्या झगझगीत, पोरीचा चेहरा काळवंडलेला. त्यात कार्डावरची जागा वाचावी म्हणून फक्त जेपेग ठेवलं होतं. उजळायला गेलो तर सावल्यांमध्ये नुसती खरखर. रॉ, म्हणजे सेन्सरची कच्ची नोंद असती तर बरंच सावरता आलं असतं. बहीण म्हणाली, "मोबाइल होता की रे खिशात."

गंमत म्हणजे आदल्या रविवारी मॅन्युअलवर, म्हणजे सगळं हाताने ठरवून काढलेले फोटो ठणठणीत होते. म्हणजे सेन्सर मधूनच झोपतो, असं निदान मीच केलं आणि कॅमेरा वॉरंटीत जमा केला. अठरा दिवस. फोन केला की "तपासणी चालू आहे." शेवटी तावातावाने गेलो, तर हातात कॅमेरा आणि एक ओळीची चिठ्ठी: दोष आढळला नाही, कॉम्पेन्सेशन उणे दोनवर होते. चिठ्ठी खिशात घातली आणि मुकाट्याने परत आलो.

उणे दोन म्हणजे प्रकाश थेट एक चतुर्थांश. बॅगेतून काढताना चकती अस्तराला घासते आणि फिरते. मॅन्युअलमध्ये आयएसओही, म्हणजे प्रकाशाची संवेदनशीलताही आपणच ठरवली असेल तर तिचं काही चालत नाही, म्हणून तो रविवार वाचला. वाढदिवसाला अ‍ॅपर्चर प्रायॉरिटीवर होतो; त्यात लेन्सचं छिद्र आपण ठरवतो आणि उजेडाचा हिशेब कॅमेरा चकती बघून करतो. मग स्क्रीनवर काळोख दिसला नाही? दिसला असता, पण उन्हात नीट दिसत नाही म्हणून स्क्रीनचा ब्राइटनेस मीच टोकाला नेऊन ठेवला होता. आता हिस्टोग्राम, म्हणजे फोटोतल्या उजेड-अंधाराचा आलेख, कायम चालू. डोंगर डावीकडे चिकटला की आधी चकती बघायची.

इथवरचा मजकूर पाचव्या महिन्यातला आहे. पुढे शेजारच्या काळ्या मांजराने माझं मत बदललं. त्याचा फोटो काढला की ते राखाडी यायचं. समोर काय आहे हे कॅमेऱ्याच्या प्रकाश मोजणाऱ्या मीटरला कळत नाही, तो सगळ्याला मधल्या करड्या रंगावर आणू पाहतो. मांजर फ्रेमभर असताना चकती उणे एकवर नेली आणि काळं मांजर काळं आलं. मग दोरीवरच्या पांढऱ्या चादरींवर अधिक एक करून पाहिलं, त्याही मळकट दिसायच्या थांबल्या. व्ह्यूफाइंडरवरून, म्हणजे डोळा लावून बघायच्या खिडकीवरून, डोळा न काढता हे जमतं. मेन्यूत शिरून करायचं असतं तर मी कधीच केलं नसतं. तेव्हा चकती नकोच, हे म्हणणं मागे घेतो. पण मधोमध एक लॉकचं बटण द्यायला काय झालं होतं?

बाकी थोडक्यात. डोळ्यावरचा फोकस अफलातून. बॅटरी लवकर संपते अशी ओरड मीही केली, पण कॅमेरा गळ्यात असताना व्ह्यूफाइंडरजवळचा सेन्सर पोटालाच डोळा समजतो आणि व्ह्यूफाइंडर जागा राहतो. चालताना कॅमेरा बंद करायला लागलो. दुसऱ्या बॅटरीचा खर्च वाचला.

चकतीवर आधी चिकटपट्टी लावली होती, तिचा तीन आठवड्यांत चिकटा झाला. आता शून्याच्या खुणेवर पांढऱ्या नेलपॉलिशचा ठिपका दिलाय. मंद उजेडातही दिसतो. नेलपॉलिश बहिणीचं, तिने कशाला हवंय ते विचारलं, मी सांगितलं नाही.